हजची शिदोरी : उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात

पवित्र कुरआनच्या १०६ व्या अध्यायात, सूरह कुरैशमध्ये, अल्लाहने मक्कावासीयांना त्यांच्या हिवाळ्यातील व उन्हाळ्यातील प्रवासांची आठवण करून दिली आहे. भाष्यकार सांगतात की, त्यांचे काफिले हिवाळ्यात उबदार यमनकडे आणि उन्हाळ्यात थंड हवेच्या शामकडे जात. वाळवंटातील माणूस ऋतू ओळखूनच पाऊल उचलीत असे.

बंधु-भगिनींनो, आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी हज-उमराहसाठी त्याच भूमीकडे निघतात, तेव्हा मात्र "अल्लाहच्या घरी चाललो आहोत, तोच सांभाळील" असे म्हणून तयारीचा विषय संपविला जातो. सांभाळणारा अल्लाहच आहे, यात शंका नाही. परंतु ह. इब्ने अब्बास (रजि.) यांच्या कथनानुसार, यमनचे काही लोक शिदोरी न घेता हजला येत, स्वतःला तवक्कुल करणारे म्हणवीत आणि मक्केत पोहोचल्यावर लोकांपुढे हात पसरीत. त्यांच्यासंबंधी सूरह बकरहची १९७ वी आयत अवतरली. तिच्यात शिदोरी घेण्याचा आदेश आधी आहे. ईशभय ही सर्वोत्तम शिदोरी, हे त्यानंतर आले आहे.

हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने हज साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतो. २०२४ साली तो जूनच्या मध्यास आला. मक्केत पारा ५० अंशांच्या वर गेला आणि १३०० हून अधिक यात्रेकरू मृत्यू पावले. सौदी शासनाच्या निवेदनानुसार त्यांतील बहुसंख्य लोक परवान्याविना आलेले होते आणि भर उन्हात, निवाऱ्याशिवाय दूरवर चालले होते. स्वस्तात व परवान्याविना हज घडविण्याचे आमिष कोणी दाखवीत असेल, तर हे स्मरणात ठेवा.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी तहान लागण्याची वाट न पाहता थोडेथोडे पाणी पीत राहावे. कोकणातील दमट हवेत घाम दिसतो. तेथील कोरड्या हवेत तो तत्काळ वाळतो आणि शरीरातील पाणी कमी झाल्याचे ध्यानात येत नाही. मीठ-साखरेची पाकिटे सोबत असावीत. चपला पिशवीत घालून गळ्यात अडकवाव्यात. मधुमेहाने पायांची संवेदना मंदावलेल्यांना तापलेल्या रस्त्यावर पाय भाजल्याचे कळतही नाही. छत्री अवश्य घ्यावी. इहराममध्ये पुरुषाने डोके झाकू नये, हे खरे. पण सावली घेण्यास मनाई नाही. अखेरच्या हजमध्ये जमरहकडे जाताना स्वतः प्रेषित (स.) यांच्यावर एका सहाबीने वस्त्राची सावली धरली होती.

हिवाळ्यातील फसगत निराळी असते. "अरबस्तानात कसली थंडी?" असे म्हणून लोक स्वेटरही घेत नाहीत. मदीनेत रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, आणि मुज्दलिफहची रात्र उघड्या आकाशाखाली काढावयाची असते. इहरामधारी पुरुषाने घोंगडी अंगाभोवती लपेटावी, डोके व चेहरा मोकळा ठेवावा. स्त्रियांनी स्वेटर व पायमोजे घालावेत. याच दिवसांत आकस्मिक पाऊसही होतो. नोव्हेंबर २००९ मध्ये, ऐन हजच्या दिवसांत, जिद्दाहमधील पुराने शंभराहून अधिक बळी घेतले. आभाळ भरून आले तर सखल रस्ते व नाल्यांपासून दूर राहावे.

काहींना वाटते, जेवढे कष्ट अधिक तेवढे पुण्य अधिक. हदीस काय सांगते? एका माणसाने उन्हात उभे राहण्याचा, सावली न घेण्याचा आणि न बोलण्याचा नवस केला होता. प्रेषित (स.) यांनी त्याला बसावयास, सावलीत यावयास व बोलावयास सांगितले, रोजा मात्र पूर्ण करण्याची आज्ञा दिली. आपल्या दोन मुलांच्या आधाराने पायी निघालेल्या एका वृद्धाला त्यांनी वाहनावर बसण्यास फर्माविले. कडाक्याच्या थंडीत ह. अम्र बिन आस (रजि.) यांनी जिवाच्या भीतीने स्नानाऐवजी तयम्मुम केले व आत्मनाश न करण्याचा कुरआनचा आदेश पुढे केला, प्रेषित (स.) केवळ हसले. इबादतीत जे कष्ट ओघाने येतात ते सहन करावेत. ओढवून घेतलेले कष्ट म्हणजे इबादत नव्हे.

म्हणून मुलांनो, आई-वडिलांच्या गळ्यात हार घालण्यापूर्वी त्यांची औषधे मोजा, इन्सुलिन थंड राहील अशी पिशवी द्या, चपला चालून पाहावयास सांगा. अशक्तांसाठी शरीअतने दिलेल्या सवलती आलिमांकडून आधीच समजून घ्या. हीदेखील त्यांची सेवाच आहे.

अल्लाह सर्व यात्रेकरूंचा हज स्वीकारो आणि त्यांना सुखरूप घरी आणो. आमीन.