वाट विचारणारा प्रवासी

जलपर्यटनास निघालेल्या मनुष्यास वाटेत एखादे ऐतिहासिक नगर लागते. आगबोट नांगर टाकते, उतारूंस चार घटका मोकळ्या मिळतात, आणि तेवढ्यात ते पायी फिरून नगर ‘पाहून’ येतात. या पाहण्यास पाहणे म्हणावे काय? प्रश्न क्षुल्लक दिसला तरी तो नीतीचा आहे, असे आम्हांस वाटते. कारण नगर म्हणजे केवळ दगडविटा नव्हेत, तेथे माणसे राहतात.

कोणी म्हणेल, दोष अपुऱ्या वेळेचा आहे. चिनी भिक्षू फाहियान इ. स. ३९९ मध्ये मायदेशाहून खुष्कीच्या मार्गाने निघाला. परतताना ताम्रलिप्तीस दोन वर्षे राहून त्याने ग्रंथ उतरून घेतले, मग व्यापारी गलबतातून सिंहलद्वीपास जाऊन तेथेही दोन वर्षे काढली. एवढी सवड संसारी माणसास कोठून मिळणार? आक्षेप खरा आहे. परंतु फाहियानाचे मोठेपण आम्हांस वर्षांच्या गणतीत दिसत नाही. तो शिकावयास आला होता. त्याला तेथील लोकांपाशी काही मागावयाचे होते. मागणारास समोरच्या माणसाकडे पाहावेच लागते.

वर्धा जिल्ह्यास समुद्र नाही. पण धाम नदीकाठचे पवनार या प्रश्नाची चांगली कसोटी आहे. ज्याच्या नावावर समुद्रोल्लंघनाचे ‘सेतुबंध’ हे प्राकृत काव्य आहे, त्या वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. सर्व विद्वान त्याशी सहमत नाहीत. तथापि स्थळाचे प्राचीनत्व निर्विवाद आहे, व १९६७ साली नागपूर विद्यापीठाने तेथे उत्खननही केले. राजधानी पाहावयास गेलेल्या प्रवाशास मात्र तेथे प्रासाद दिसत नाहीत. दिसते ते नांदते गाव. मग त्याची निराशा होते, आणि नकळत त्यास वाटू लागते की, ही घरे, ही शेते, ही माणसे आपल्या व इतिहासाच्या मध्ये आली आहेत. आमच्या मते खरा अपराध तो हाच. मेलेल्या राजाच्या कौतुकापायी जित्या शेतकऱ्यास अडथळा समजणे, यास रसिकता म्हणता येणार नाही.

विनोबा १९३८ साली पवनारास राहावयास आले. आश्रमाची भूमी खणताना भरत-राम भेटीची म्हणून मानली गेलेली शिल्पशिला सापडली. ती शोधण्यास कोणी निघाले नव्हते. तेथे राहून कष्ट करणाऱ्यांस ती लाभली. पुढे ७ मार्च १९५१ रोजी येथूनच ते पायी तेलंगणाकडे निघाले, आणि १८ एप्रिलला पोचमपल्लीस भूदानाचा आरंभ झाला. गावकऱ्यांस काय हवे, हे त्यांनी विचारले होते. त्या विचारण्यातूनच तो प्रसंग घडला.

पायी चालण्याचे महत्त्व आम्हांस येथे दिसते. चालणारास वाट विचारावी लागते, पाणी मागावे लागते, कोणाच्या ओसरीवर टेकावे लागते. गाडीत बसून वाटाड्याच्या बोटामागे मान फिरविणारास यांपैकी कशाचीच गरज पडत नाही. वेळ चार घटकांचा असो वा चार वर्षांचा, जो आपली गरज लपवीत नाही, त्यास ते नगर परके राहत नाही. बोटीची शिटी होईपर्यंत एखादे देऊळ पाहावयाचे राहिले, तरी तेथील एका माणसाशी मनमोकळे बोलणे झाले असेल, तर त्या उतारूने नगर पाहिले, असे आम्ही खुशाल म्हणू.