लौकिकाचा मुखवटा : जी-ड्रॅगनच्या निमित्ताने

प्रसिद्ध माणसाच्या नावामागे एखादा खरा, अप्रसिद्ध माणूस शिल्लक राहतो का, आणि राहत असेल तर त्याच्यापर्यंत कोणाला पोहोचता येते, हा तत्त्वज्ञानातील जुना प्रश्न आहे. रोमन साम्राज्यातील विचारवंत एपिक्टेटस हा स्टोइक पंथाचा, म्हणजे जे आपल्या हाती नाही त्याविषयी मन निर्विकार ठेवावे असे शिकवणाऱ्या परंपरेचा होता. त्याने माणसाच्या ताब्यातील आणि ताब्याबाहेरील गोष्टींची विभागणी करताना लौकिकाला ताब्याबाहेर ठेवले, कारण लौकिक ज्याचा म्हणवला जातो त्याच्याजवळ तो नसतोच, तो इतरांच्या मतांत नांदतो. विद्यार्थी, सैनिक किंवा व्यापारी यांना हे उत्तर पुरेसे होईल. परंतु ज्याची कलाच इतरांच्या नजरेसमोर घडते आणि नजर हटली की थांबते, अशा कलावंताला लौकिकाविषयी निर्विकार राहण्याचा उपदेश करणे म्हणजे त्याला त्याचे काम सोडून देण्यास सांगणेच होय. या अडचणीचा सर्वांत तीव्र अनुभव आजच्या काळात कोरियन पॉप संगीताच्या, म्हणजे के-पॉपच्या कलावंतांना येतो, आणि त्यांपैकी जी-ड्रॅगन या गायकाने संगीत, वेशभूषा आणि प्रसिद्धी यांविषयी आपल्या निर्मितीतून जे चिंतन मांडले आहे, ते तात्त्विक कसोटीवर तपासण्याइतके गंभीर आहे.

जी-ड्रॅगनचे मूळ नाव क्वॉन जी-योंग असून त्याचा जन्म १८ ऑगस्ट १९८८ रोजी सोल येथे झाला. के-पॉपमध्ये ‘आयडॉल’ हा शब्द ज्या कलावंतासाठी वापरला जातो, त्याला एखादी मनोरंजन कंपनी कोवळ्या वयात निवडते, वर्षानुवर्षे गायन, नृत्य आणि सार्वजनिक वर्तन यांचे शिक्षण देते व मगच रंगमंचावर आणते. क्वॉन जी-योंगही बालपणापासून याच शिस्तीत वाढला आणि २००६ मध्ये पाच जणांच्या ‘बिगबँग’ या गटाचा प्रमुख म्हणून लोकांसमोर आला. मात्र एका बाबतीत तो बहुतेक समकालीन आयडॉलांहून वेगळा होता: २००७ मधील ‘लाइज’सह गटाची अनेक गाणी त्याने स्वतः रचली, आणि त्याचे रंगमंचावरील नावदेखील त्याच्या मूळ नावाच्याच अक्षरांतून घडलेले आहे. म्हणजे त्याचा मुखवटा बाहेरून आणून चढवलेला नव्हता, तर पुष्कळ अंशी तो त्याने स्वतःच कोरला होता, आणि त्यामुळेच तो उतरवण्याचा प्रश्नही त्याच्यासाठी अधिक कठीण झाला.

हा प्रश्न त्याने जून २०१७ मध्ये उघडपणे हाती घेतला. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या गीतसंग्रहाला त्याने स्वतःचे जन्मनाव दिले आणि तो तबकडीऐवजी लाल रंगाच्या छोट्या पेन ड्राइव्हच्या रूपात विक्रीस आणला. त्या पेन ड्राइव्हवर त्याचे नाव, जन्मतारीख आणि रक्तगट त्याच्या आईच्या हस्ताक्षरात होते, आणि वरचा लाल रंग हाताळणाऱ्याच्या बोटांना लागत असे. काही ग्राहकांना तो उत्पादनातील दोष वाटला, तर कंपनीने तो हेतुपुरस्सर असल्याचे सांगितले, कारण ती सारी रचना जन्माचे आणि रक्ताच्या नात्याचे सूचन करणारी होती. कोरियातील विक्रीची अधिकृत यादी ठेवणाऱ्या संस्थेने या वस्तूला गीतसंग्रह मानण्यास नकार दिला, कारण तीत गाणी थेट साठवलेली नसून ती उतरवून घेण्याचा दुवा होता. त्यावर, संगीत कोणत्या वस्तूतून येते यापेक्षा ते संगीत काय आहे हे महत्त्वाचे, अशी भूमिका त्याने घेतली. वरवर पाहता हा नियमांचा किरकोळ वाद होता, परंतु ज्या संग्रहाचा विषयच आवरण आणि अंतरंग यांचे नाते हा होता, त्याच्याबाबत आवरणावरून असा वाद उद्भवावा, यात त्या प्रश्नाचे गांभीर्य स्पष्ट होते.

येथे एक आक्षेप टाळता येत नाही. जे नाव घरातील माणसे हाक मारताना वापरतात, तेच नाव विक्रीच्या वस्तूवर छापले की ते घरगुती राहत नाही. ‘जी-ड्रॅगन’च्या आड लपलेला क्वॉन जी-योंग चाहत्यांना दाखवण्याच्या प्रयत्नात क्वॉन जी-योंग हादेखील एक दर्शनीय विषय झाला, आणि मुखवट्यामागे चेहरा सापडण्याऐवजी तेथे दुसरा, अधिक बारीक कोरलेला मुखवटा तयार झाला. हा आक्षेप खरा आहे. मात्र त्यावरून त्याचा प्रयत्न खोटा ठरत नाही, कारण मुखवटा म्हणजे असत्य हे गृहीतकच मुळात तपासून पाहण्याजोगे आहे.

कोरियाच्या स्वतःच्या परंपरेत या तपासणीची सामग्री आहे. आंदोंगजवळच्या हाहोए या गावी मुखवटे घालून करायच्या नृत्यनाट्याची परंपरा आहे, आणि कोरियातील मुखवटा-नृत्यांना २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. हाहोएच्या लाकडी मुखवट्यांपैकी काहींचा जबडा वेगळा करून दोरीने जोडलेला असतो. त्यामुळे नर्तकाने मान मागे टाकली की तोंड उघडते आणि मुखवटा हसतो, मान खाली घातली की तोंड मिटते आणि तोच मुखवटा रागावलेला दिसतो. भाव लाकडात नसतो आणि एकट्या नर्तकाच्या चेहऱ्यातही नसतो, तर दोघांच्या संयोगातून तो निर्माण होतो. या नाट्यात सामान्य गावकरी सरदार वर्गाची आणि भोंदू भिक्षूंची उघड निर्भर्त्सना करत असत, जी मुखवट्याविना करण्याचे धैर्य त्यांना झाले नसते. म्हणजे येथे मुखवटा सत्य झाकत नाही, सत्य बोलण्याची मुभा देतो. त्याच गावची एक दंतकथाही विचारात घेण्यासारखी आहे. हे मुखवटे घडवणाऱ्या तरुणाला काम पूर्ण होईपर्यंत कोणाच्याही दृष्टीस न पडण्याची देवाज्ञा होती. त्याच्यावर प्रेम करणाऱ्या मुलीला राहवले नाही, तिने डोकावून पाहिले, आणि तो तत्क्षणी मरण पावला. त्यामुळे ‘इमे’ नावाचा शेवटचा मुखवटा हनुवटीविना राहिला, आणि तो आजही तसाच आहे. द्वेषाने नव्हे, तर प्रेमानेच टाकलेली नजर घडवणाऱ्याचा घात करते, हे त्या कथेतील भयंकर तत्त्व के-पॉपच्या चाहतावर्गाला थेट लागू पडते.

मराठी वाचकाला या संदर्भात ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातील अमानित्वाचे विवेचन आठवणे स्वाभाविक आहे. अमानित्व म्हणजे मानाची हाव नसणे. ज्ञानेश्वरांनी रंगवलेला असा पुरुष स्वतःच्या कीर्तीने संकोचतो आणि आपले थोरपण लोकांच्या लक्षात येऊ नये म्हणून वेडेपणाचे पांघरूण घेतो. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की हा ज्ञानीही सोंग घेतोच. फरक इतकाच की त्याचे सोंग मान मिळवण्यासाठी नसून मान चुकवण्यासाठी असते. म्हणजे कसोटी सोंगाच्या असण्यानसण्यात नाही, सोंगाच्या हेतूत आहे. याच्या उलट बाजूने हाना आरेंट या जर्मन-अमेरिकन विचारवंत स्त्रीने १९५८ मध्ये ‘द ह्यूमन कंडिशन’ या ग्रंथात असे मांडले की माणूस ‘कोण’ आहे हे इतरांसमोरच्या त्याच्या बोलण्यातून आणि कृतीतून प्रकट होते, आणि ते इतरांना स्पष्ट दिसत असले तरी त्याचे त्याला कधीच दिसत नाही. हे मान्य केले तर रंगमंचामागे जाऊन खरा माणूस शोधण्याची धडपड काहीशी चुकीच्या दिशेची ठरते, कारण त्या माणसाचा एक खरा अंश रंगमंचावरच उलगडत असतो.

जी-ड्रॅगनच्या वेशभूषेचा विचार याच अंगाने करावा लागतो. फ्रान्सच्या शनेल या वस्त्रगृहाशी त्याचा दीर्घ संबंध आहे, स्त्रियांसाठी शिवलेली जाकिटे तो निःसंकोचपणे घालतो, आणि ‘पीसमायनसवन’ या त्याच्या स्वतःच्या नाममुद्रेचे चिन्ह एक पाकळी गळालेले डेझीचे फूल आहे. २०१९ मध्ये या नाममुद्रेने नायकी कंपनीबरोबर जे बूट काढले, त्यांच्या काळ्या पृष्ठभागाखाली चित्र दडवलेले होते. वापराने काळा रंग जसजसा झिजे, तसतसे ते चित्र वर येई. बूट जपून पेटीत ठेवणाऱ्याला ते कधीच दिसणार नव्हते. संग्रहातील पेन ड्राइव्हपेक्षा या बुटात विचार अधिक परिपक्व झालेला दिसतो: येथे आवरण काढून टाकायचे नसते, तर ते वापरून झिजवायचे असते, आणि आतले जे आहे ते जगण्याच्या ओघातच प्रकट होते. ही वस्तूही शेवटी बाजारातलीच आहे, परंतु बाजारातल्या वस्तूत विचार असू शकत नाही असे मानणे हा केवळ अभिरुचीचा अहंकार होईल.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या संग्रहाचे नाव ‘यूबरमेन्श’ आहे. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने ‘असे बोलला जरथुस्त्र’ या ग्रंथात वापरलेली ही संज्ञा स्वतःच्याच मर्यादा ओलांडत जाणाऱ्या आणि प्रचलित मूल्यांऐवजी नवी मूल्ये निर्माण करणाऱ्या मनुष्यासाठी आहे. स्वतःवर मात करण्याचा अर्थ जी-ड्रॅगनने घेतला आहे आणि तो चूक नाही, पण अपुरा आहे. नीत्शेचा जरथुस्त्र बाजारपेठेतील गर्दीपुढे बोलून पाहतो, हसे झाल्यावर गर्दीचा नाद सोडतो आणि मोजक्या सोबत्यांच्या शोधात निघतो, तर के-पॉपचा गायक गर्दीला सोडू शकत नाही. म्हणून ही संकल्पना त्याच्या कार्यापेक्षा त्याच्या आकांक्षेचे वर्णन अधिक करते.

अखेरीस हा प्रश्न कलावंताकडून पाहणाऱ्याकडे वळतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये जी-ड्रॅगनवर अमली पदार्थांच्या सेवनाचा आरोप झाला. तो स्वतःहून पोलिसांसमोर गेला, त्याच्या केसांच्या व नखांच्या चाचण्यांत काही आढळले नाही, आणि डिसेंबरमध्ये पोलिसांनी गुन्हा न ठेवता प्रकरण बंद केले. मधल्या आठवड्यांत त्याच्या हातवाऱ्यांचे आणि चालण्याबोलण्याचे अर्थ लाखो लोक लावत होते, आणि रंगमंचावर ज्या लकबींचे कौतुक होई, त्याच आता गुन्ह्याच्या खुणा म्हणून वाचल्या जात होत्या. त्याच तपासाच्या कक्षेत आलेले ‘पॅरासाइट’ या चित्रपटातील अभिनेते ली सन-ग्यून २७ डिसेंबर २०२३ रोजी मृतावस्थेत आढळले; त्यांच्या प्रकरणाचा निर्णय तोपर्यंत झालेला नव्हता. कोरियन गाणी आणि मालिका आवडीने पाहणारे तरुण आता महाराष्ट्रातही पुष्कळ आहेत, आणि त्या नजरांच्या गर्दीत त्यांचीही नजर मिसळलेली असते. कोणा कलावंताविषयीचा आरोप हातातल्या फोनवर येईल तेव्हा तपासाचा निष्कर्ष हाती येईपर्यंत तो पुढे पाठवू नये, एवढी अपेक्षा त्यांच्याकडून निश्चितच करता येईल.