पाखडून घेतलेला धर्म

१८०७ साली लंडनमध्ये एक बायबल छापलं गेलं. ब्रिटिश वेस्ट इंडीज बेटांवर राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांना ख्रिस्ती करण्यासाठी ते होतं. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ११८९ अध्याय असतात. यात जेमतेम २३२ ठेवले होते. मोशे आपल्या लोकांना फारोच्या दास्यातून सोडवतो तो भाग नाही, स्तोत्रं नाहीत, ख्रिस्ताच्या ठायी दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही हे पौलाचं वचनही नाही. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी, हे वचन मात्र जागच्या जागी. आफ्रिकी वंशाच्या लोकांनी मालकाचाच धर्म निमूट पत्करला, असं म्हणणाऱ्याने ही कापाकापी आधी डोळ्यांपुढे आणावी. जो ग्रंथ गुलामाला दाबून ठेवायलाच उपयोगी, त्याचा एवढा मोठा भाग लपवायची गरज कुणाला पडली असती? ही धास्ती जुनीच होती. बाप्तिस्म्याने गुलाम मुक्त होतो की काय, ही शंका अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीच्या विधिमंडळाला १६६७ मध्ये कायदा करून मिटवावी लागली.

मालकांनी ग्रंथ गाळला तसा गुलामांनीही गाळला, आणि माझ्या मते त्यांची ख्रिस्ती ओळख तिथेच घडली. हॉवर्ड थर्मन या अमेरिकी कृष्णवर्णीय धर्मचिंतकाची आजी गुलामगिरीत जन्मलेली. तिला वाचता येत नसे. नातू तिला बायबल वाचून दाखवी. काही स्तोत्रं, यशया आणि शुभवर्तमानं तर पुन्हा पुन्हा. पौलाची पत्रं मात्र वर्ज्य. अपवाद प्रीतीवरच्या एका अध्यायाचा, तोही क्वचित. पुढे थर्मननी धीर करून कारण विचारलं. मालकाने आणलेला गोरा पाद्री पौलाचा हवाला देऊन आज्ञाधारकपणाचाच उपदेश करायचा. कधी सुटले आणि वाचायला शिकले, तर तो भाग वाचायचा नाही, असं तिने तेव्हाच ठरवलं होतं. सुपात धान्य पाखडावं तसा तिने ग्रंथ पाखडला, पण येशू सोडला नाही. अक्षरओळख नसलेल्या बाईने केलेली ही धर्मग्रंथाची चिकित्साच होय. ग्रंथ आपला आहे अशी खात्री असल्याशिवाय असं धाडस होत नाही.

हीच खात्री संस्थेच्या रूपानेही उभी राहिली. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये ऐन प्रार्थनेत गुडघे टेकून बसलेल्या ॲब्सलम जोन्स यांना एक गोरा विश्वस्त ओढून उठवू लागला. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढंच ते विनवत होते. प्रार्थना आटोपताच तिथले कृष्णवर्णीय एकजुटीने बाहेर पडले. त्यांच्यातले रिचर्ड ॲलन हे स्वतःचं स्वातंत्र्य पैसे मोजून मिळवलेले गृहस्थ. त्यांनी लोहाराच्या दुकानाची जुनी इमारत हलवून आणली आणि १७९४ मध्ये तिथे बेथेल चर्च सुरू केलं. त्यातूनच १८१६ साली आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला.

परलोकाच्या आशेने लोक निमूट होतात, हा आक्षेप अगदीच खोटा नाही. पण १८२२ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्सटनला गुलामांच्या उठावाच्या कटाच्या आरोपावरून डेन्मार्क व्हेसी या कृष्णवर्णीय पुढाऱ्यासह ३५ जणांना फाशी दिल्यावर तिथल्या आफ्रिकन चर्चची इमारतही पाडून टाकली गेली. त्या प्रार्थनांतून काय शिजतं, हे मालकांना नीट ठाऊक होतं. याहून धारदार प्रश्न १९३५ मध्ये कोलंबोच्या लॉ कॉलेजात खुद्द थर्मन यांना ऐकावा लागला: तुमच्या लोकांना धरून नेणारे ख्रिस्ती, गुलाम करणारे ख्रिस्ती, मग तुम्ही त्याच धर्माचे म्हणून इथे कसे? त्यांचं सविस्तर उत्तर १९४९ च्या 'जीझस अँड द डिसइनहेरिटेड' या पुस्तकात आहे. येशू रोमन सत्तेखाली दबलेल्या समाजातला गरीब ज्यू. सत्ताधाऱ्यांचा धर्म वेगळा आणि येशूचा धर्म वेगळा, असा त्याचा गाभा. माल्कम एक्स यांना हे पटलं नसतं. त्यांनी ख्रिस्ती धर्माला गोऱ्यांचा धर्म ठरवून इस्लाम स्वीकारला, आणि त्यांच्या संतापाला इतिहासाचा आधार होताच.

मराठी वाचकाला इथे १९५६ आठवणारच. बाबासाहेबांनी धर्म सोडला, मग यांनी का धरून ठेवला? बाबासाहेबांच्या निदानानुसार विषमतेला शास्त्रांचंच अधिष्ठान होतं, आणि त्यांच्यापुढे याच भूमीतला बुद्ध होता. अटलांटिकपार नेलेल्यांची भाषा, कुळं, दैवतं बहुतांशी उद्ध्वस्त झालेली. हाती आलेल्या ग्रंथात मात्र गुलामांची सुटका हीच मोठी कथा होती. माझं माणूसपण न मानणारा धर्म माझा नाही, ही कसोटी दोन्हीकडे सारखीच.

हे पाखडणं आपल्याच चर्चवरही चालवावं लागतं. जरेना ली या कृष्णवर्णीय महिलेने प्रवचनाची परवानगी मागितली तेव्हा ॲलन यांनीच आधी नकार दिला. १८१९ मध्ये बेथेलमध्ये त्या आपण होऊन उभ्या राहून बोलल्या, तेव्हा कुठे ॲलननी मान्यता दिली. या पंथाला पहिली महिला बिशप, व्हॅश्टी मॅकेन्झी, लाभायला मात्र २००० साल उजाडावं लागलं.