कस्तुरीचा उग्रपणा

सुगंध म्हणजे स्वच्छता, अशी आपली समजूत पक्की झाली आहे. चांगला वास म्हणजे नुकत्याच धुतलेल्या अंगाचा किंवा कपड्यांचा वास. बाकी सगळा दर्प. पॅरिसच्या सर्ज लुतांस या ब्रँडचे 'म्युस्क कुब्लाई खान' हे परफ्यूम या समजुतीच्या थेट विरोधात उभे आहे. ख्रिस्तोफर शेल्ड्रेक यांनी रचलेले हे परफ्यूम १९९८ साली आले, आणि कस्तुरीचा उग्रपणा न लपवणारी रचना म्हणून आजही त्याचे नाव घेतले जाते.

मनगटावर लावताच पहिल्यांदा जाणवते ते जनावर. जवादी मांजराच्या गंधाची तीव्र छटा, आणि तिच्यात मिसळलेला जिऱ्याचा घामट, उबट दर्प. अनेकजण इथेच नाक मुरडून हात दूर नेतात. थांबणाऱ्याला थोड्या वेळाने त्या उग्रपणातून गुलाब लागतो. हा देवाच्या हारातला टवटवीत गुलाब नव्हे. दिवसभर केसांत माळलेला, डोक्याच्या उबेने मलूल झालेला गुलाब. त्याच्या मागोमाग कस्तुरभेंडीच्या बियांचा मऊ गंध येतो. मग लॅब्डॅनमची राळ आणि व्हॅनिला उरलेला तिखटपणा निववतात. काही तासांनी अंगावर राहते ती फक्त ऊब, अगदी जवळ आलेल्यालाच कळणारी. सुरुवातीला जे जनावर वाटले, ते शेवटी माणूस निघते.

कस्तुरी इतकी टिकते, याचे कारण तिच्या रेणूत आहे. हलके रेणू लवकर उडून जातात, जड रेणू रेंगाळतात. कस्तुरीतला मुख्य गंधरेणू म्हणजे मस्कोन. तो पंधरा कार्बन अणूंच्या कड्याचा असतो, हे लिओपोल्ड रुझिका यांनी १९२६ साली दाखवले. एवढे मोठे कडे स्थिर राहू शकणार नाही, असे तोवर रसायनशास्त्रज्ञ मानत होते. रुझिका यांना १९३९ साली नोबेल मिळाले. त्याआधीच, १८८८ मध्ये, स्फोटकांवर काम करताना आल्बर्ट बाउर यांच्या हाती कृत्रिम कस्तुरी लागली होती.

या शोधांचे मोल सुगंधापुरते नाही. नराच्या पोटाजवळच्या एका छोट्या थैलीसाठी माणसाने कस्तुरीमृगांची अमाप शिकार केली. उत्तराखंडातले केदारनाथ अभयारण्य १९७२ साली स्थापन झाले, ते मुख्यतः याच प्राण्याला वाचवण्यासाठी. आज परफ्यूमच्या धंद्यातली जवळजवळ सगळी कस्तुरी प्रयोगशाळेतून येते. कस्तुरीचा रानटीपणा हवा असेल तर रानातल्या जिवाचा बळी द्यावा लागत नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

पण याच कृत्रिम कस्तुरीने दुसरीही एक गोष्ट केली. तिचे काही प्रकार पाण्यात विरघळत नाहीत, धुतल्यावरही कापडाला चिकटून राहतात. म्हणून ते कपडे धुण्याच्या पावडरींत गेले, आणि जनावराच्या गंधाचा हा वारसदार धुतलेल्या चादरीचा वास होऊन बसला. कस्तुरीतले शरीर आपण काढून टाकले आणि उरलेल्याला सुगंध म्हणू लागलो.

सुगंध कशाला म्हणायचे, हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. वासावरून माणसाला हलके लेखण्याची सवय आपल्या समाजात जुनी आहे. कष्टाचा घाम गाळणाऱ्या अंगालाच लाज वाटावी, अशी व्यवस्था आपण केली आणि तिला शुद्धतेचे नाव दिले. एका महागड्या बाटलीने ती व्यवस्था मोडणार नाही. तरीही शरीराचा गंध हा सौंदर्याचा शत्रू नसून त्याचा पाया आहे, असे ठामपणे सांगणारी कलाकृती मला महत्त्वाची वाटते. सुंदर असणे म्हणजे निर्गंध, निर्जंतुक असणे नव्हे.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे आहे: असे परफ्यूम कधी हाती आले, तर कागदाच्या पट्टीवर हुंगून निकाल देऊ नका. कस्तुरीचे काही प्रकार काहींच्या नाकाला जाणवतच नाहीत, त्यामुळे दुसऱ्याच्या मतावरही विसंबू नका. ते स्वतःच्या कातडीवर लावा आणि संध्याकाळपर्यंत राहू द्या. पहिल्या दर्पावरून ना सुगंधाची पारख होते, ना माणसाची.