शंभर वर्षांतून एकदा

येरवड्यात नदीच्या कडेला खोली बघताना आपण भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ असलं सगळं विचारतो. पूररेषा कुठून जाते, हे मी विचारलं नव्हतं. सामान टाकताना घरमालकीण काकूच म्हणाल्या, "फ्रिज विटांवर ठेव रे. पाणी येतं कधीकधी."

कधीकधी म्हणजे किती? नकाशावर त्याचं उत्तर दोन रंगांत असतं. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. ऐकून वाटतं, पूर म्हणजे कुंभमेळा; येऊन गेला की पुढच्या पाळीपर्यंत निवांत. अर्थ तसा नाही. निळ्या रेषेपर्यंत पाणी चढण्याची शक्यता दर वर्षी ४ टक्के. गेल्या वर्षी चढलं असलं, तरी यंदा पुन्हा ४ टक्केच.

कॉलेजात शक्यता शिकवतात ती फाशापासून. सहा बाजू, सगळ्या सारख्या, म्हणून एक षष्ठांश. नदीला अशा सारख्या बाजू नसतात. मग मोजायचं: इतक्या वर्षांत पाणी इतक्यांदा आलं. हे पटतं, पण मोजताना धरायचं काय? १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तो पूर पावसाच्या हिशोबात घ्यायचा का? त्यानंतर धरण पुन्हा बांधलं, शहर पसरलं, माती सिमेंटखाली गेली. मोजणी एकच नदी धरून चालते. संगमाखालची ही मुळा-मुठा आता ती नदी आहे का?

तिसरा अर्थ ब्रूनो दे फिनेत्ती या इटालियन गणितज्ञाचा: शक्यता म्हणजे तुम्ही ज्या दराने पैज लावाल तो दर. ती नदीत नसते, आपल्या डोक्यात असते. काकूंच्या विटा ही तशी पैजच. खडकवासल्यातून विसर्ग वाढवल्याचा मेसेज आला की त्या आणखी एक वीट सरकवतात. नवी माहिती, नवा अंदाज. बेझचा नियम आम्हाला अख्खं सेमिस्टर लावून शिकवला होता, तो हाच!

मला अडतं ते पुढे. पैज लावणाऱ्याला 'नको' म्हणता येतं. माझा करार ११ महिन्यांचा आहे. घर अगदी निळ्या रेषेवर धरलं, तर माझ्या वाट्याला एकच पावसाळा, एकदाच ४ टक्के. काकू इथे ३० वर्षं राहिल्या, तर एकदा तरी पाणी घरात शिरण्याची शक्यता ७१ टक्क्यांच्या आसपास जाते. (०.९६ ला ३० वेळा गुणा आणि १ मधून वजा करा, मोबाईलवर होतं.) रेषा एकच, घर एकच. तरी 'फक्त चार टक्के' हे मी म्हणणं आणि काकूंनी म्हणणं सारखं कसं असेल? आणि रेषा आखणारा तर पावसाळ्यात इथे झोपायलाही येत नाही. आकडा त्याचा चूक असेल असं नाही. पण तो 'कमी' आहे की 'जास्त', हे त्याने कशाच्या जोरावर ठरवायचं?

जूनमध्ये शेजारच्या खोलीत नवा मुलगा आला. पाणी येतं का, म्हणून त्याने मला विचारलं. चार टक्के, मी म्हणालो. तो हसला, "म्हणजे नाहीच ना!"

संध्याकाळी त्याला सहा विटा नेऊन दिल्या.