रागाची घाई



नोव्हेंबर हा आपल्या मृतांच्या स्मरणाचा महिना. गेल्या रविवारी विश्वासूंच्या प्रार्थनेत मी दोन ओळी जास्त घातल्या होत्या. एक दहशतवादी हल्ल्यांत मरण पावलेल्यांसाठी, दुसरी असे हल्ले करणाऱ्यांच्या मनःपरिवर्तनासाठी. मिस्सा संपल्यावर आवारात आपल्यापैकीच एक गृहस्थ माझ्यासाठी थांबले होते. म्हणाले, "काय ओ फादर, त्यांच्यासाठी कसली प्रार्थना? हाती लागला की तिथंच संपवायचा. त्या कसाबला चार वर्षं पोसला आपण. बिर्याणी घातली, बिर्याणी!"

मी हसून विषय बदलला असता. पण मला ठाऊक होते की २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री त्यांचा भाचा सीएसटी स्थानकावर होता. तो वाचला. त्याच्यापासून काही हातांवर उभी असलेली माणसे वाचली नाहीत. गुहागर तालुक्यात मुंबईला कोणीच नाही असे घर शोधूनही सापडणार नाही. तेव्हा या गृहस्थांचा राग टीव्हीसमोर बसून आलेला राग नव्हता. त्याला आवारात उभ्या उभ्या उत्तर देणे उद्धटपणाचे झाले असते, म्हणून हे लिहितो आहे.

आधी जरा दूरची एक घटना घेऊ. स्वतःच्या जखमेबद्दल विचार करणे कठीण असते, दुसऱ्याच्या जखमेबद्दल त्या मानाने सोपे.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे सैन्य २० वर्षांच्या युद्धानंतर अफगाणिस्तानातून माघारी निघाले होते. १५ ऑगस्टला काबूल तालिबानच्या हाती गेले. देश सोडू पाहणाऱ्यांची विमानतळाच्या दारांवर रीघ लागली. ॲबी गेट नावाच्या दाराबाहेर सांडपाण्याचा एक कालवा आहे. त्या घाण पाण्यात गुडघाभर उभे राहून लोक कागदपत्रे वर धरत होते, कुणी लेकरांना वर धरत होते. २६ ऑगस्टला, गुरुवारी संध्याकाळी, त्या गर्दीत एका आत्मघातकी हल्लेखोराने स्फोट केला. अमेरिकेचे १३ सैनिक ठार झाले. त्यांतले ५ जण अवघे २० वर्षांचे होते, म्हणजे युद्ध सुरू झाले तेव्हा तान्ही बाळे. आणि सुमारे १७० अफगाण मेले. 'सुमारे' हा शब्द पाहा. १३ जणांच्या मागे तो नाही.

अमेरिकेत शोक झाला, तो खरा होता. गावोगावच्या बारमध्ये आणि खाणावळींत एक टेबल राखून त्यावर १३ ग्लास भरून ठेवले गेले. त्यात मला काही वावगे दिसत नाही. आपला मुलगा गेला तर आपण आपल्याच मुलाचे नाव घेऊन रडतो. पण त्याबरोबर दुसरेही सुरू झाले. दोष कुणाचा? राष्ट्राध्यक्ष बायडेन यांचा, की तालिबानशी करार करून ठेवणाऱ्या आधीच्या ट्रम्प सरकारचा? प्रेते घरी पोचण्याआधी हे भांडण रंगले. आणि तिसरी गोष्ट म्हणजे मागणी: काहीतरी करा, लगेच करा. त्याच संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केले की आम्ही क्षमा करणार नाही, विसरणार नाही, तुम्हाला शोधून काढून किंमत वसूल करू. लोकांना हेच ऐकायचे होते.

रविवारी, २९ ऑगस्टला, पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये दुपारच्या प्रार्थनेच्या वेळी अफगाणिस्तानासाठी प्रार्थना आणि उपवास करण्याची विनंती केली. त्याच दिवशी काबूलच्या एका वस्तीत अमेरिकेच्या ड्रोनने एका पांढऱ्या मोटारीवर क्षेपणास्त्र सोडले. आणखी एक हल्ला होणार आणि त्यासाठी पांढरी मोटार वापरली जाणार, अशी माहिती होती. ती भीती खोटी नव्हती, हे त्या सैनिकांच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्यांनी मोटारीवर सुमारे ८ तास नजर ठेवली. माणूस डबे भरताना दिसला, ती स्फोटके ठरली. अमेरिकेच्या सर्वोच्च सेनाधिकाऱ्याने हा हल्ला न्याय्य होता असे म्हटले. पुढे पत्रकारांनी माग काढला. तो माणूस एका मदत संस्थेत काम करणारा होता, आणि डब्यांत होते पाणी. घराकडे नळाला पाणी नव्हते, म्हणून तो कचेरीतून भरून नेत असे. मोटार दारात येताच मुले तिच्याकडे धावली होती असे नातेवाइकांनी सांगितले. १० जण मेले, त्यांत ७ मुले. १७ सप्टेंबरला चूक जाहीरपणे कबूल झाली. शिक्षा कुणालाच झाली नाही.

या दहांसाठी कुठे ग्लास भरून ठेवले गेले का? मी तरी ऐकले नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक दाखला वाचला होता. राग हा घाईच्या नोकरासारखा असतो, असे तो म्हणतो. धन्याचे सांगणे पुरते ऐकण्याआधीच तो धावत सुटतो आणि भलतेच करून येतो. किंवा कुत्र्यासारखा, जो दारावर थाप पडली की भुंकतो, आलेला घरचा आहे की परका हे पाहण्याआधी. वर्गात आम्ही याला हसलो होतो. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच धागा पुढे नेला. त्यांच्या मते राग मुळात पाप नाही. अन्याय पाहून ज्याला राग येतच नाही, त्याच्यातही खोट आहे. प्रश्न इतकाच की राग विवेकाच्या मागून चालतो की पुढून. मागून चालला तर तो विवेकाचे बळ होतो. पुढून चालला तर विवेकाला दिसायचेच बंद होते.

राग पुढे का धावतो, याचाही मी विचार केला. मला वाटते पुष्कळदा रागाच्या पोटात लाज असते. काबूलमधून महासत्ता निघून चालली होती, आणि जाता जाता कुणीतरी तिच्या तोंडावर थप्पड मारली होती. शूराला पराभव सोसवतो, अपमान सोसवत नाही. जाणाऱ्याला दाखवून द्यायचे असते की मी पळत नाही. ही घाई न्यायाची कमी आणि अब्रूची जास्त असते. २००८ साली आपलेही तेच झाले नव्हते का? १० पोरे समुद्रातून आली, गुजरातची 'कुबेर' ही मासेमारी बोट बळकावून, तिच्यावरच्या माणसांना मारून. तीन दिवस मुंबई वेठीला धरली. १६६ जीव गेले. आपल्याला दुःख झाले, पण त्याहून खोल काहीतरी लागले: आपल्या घरात शिरून मारले. शिवाय तेव्हाही मोजणी सारखी नव्हती. कॅमेरे ताज आणि ओबेरॉयसमोर होते. सीएसटीवर पन्नासांहून जास्त माणसे गेली, बहुतेक लांबच्या गाड्यांची वाट पाहत बोचक्यांवर बसलेली. त्यांची नावे फार थोड्यांना सांगता येतील.

आता कसाबबद्दल. त्याचे वकीलपत्र घ्यायचे नाही असा ठराव मुंबईत वकिलांच्या एका संघटनेने केला. कोर्टाने वकील नेमल्या, तर त्या बाईंच्या घरावर जमाव गेला. तरी खटला चालला. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने त्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात तो फासावर गेला. फाशीबद्दल चर्चची शिकवण काय आहे ते आपण जाणता, आज त्यात शिरत नाही.

पण त्याच खटल्यात आणखी दोघे होते, दोघेही भारतीय. हल्ल्याच्या जागांचे नकाशे त्यांनी पुरवले असा आरोप होता. एक नकाशा ठार झालेल्या अतिरेक्याच्या खिशात सापडला असे सांगण्यात आले. न्यायाधीशांनी तो कागद पाहिला. माणूस रक्ताने माखला होता, कागदावर मात्र ना रक्ताचा डाग, ना सुरकुती. दोघेही या खटल्यातून सुटले, आणि ती सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. त्यांच्यावर दुसरीकडे वेगळा खटला होता, तो निराळा विषय. सांगायचे ते हे, की "तिथंच संपवा" म्हटले असते तर हे दोघेही संपले असते, आणि तो कोरा, स्वच्छ कागद कुणी पाहिलाच नसता. ज्या वर्षांना आपण 'पोसणे' म्हणतो, त्या वर्षांत कुणीतरी कागदावर डाग आहे का ते पाहत होते.

आणि बिर्याणी? कसाबने बिर्याणी मागितली, ही गोष्ट सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी सांगितली होती. २०१५ साली त्यांनीच जाहीरपणे सांगितले की ती आपण रचली होती. कसाबविषयी सहानुभूतीचे वारे वाहू लागले होते, ते थांबवावे म्हणून. त्याला आता कितीतरी वर्षे झाली. बिर्याणी मात्र अजून आपल्या तोंडात आहे. खोटे बोलणाऱ्याने खोटे परत घेतले तरी ऐकणारा ते परत द्यायला तयार नसतो, कारण ते त्याच्या रागाच्या उपयोगी पडत असते.

आपला किनाराही यातून सुटलेला नाही. १८ ऑगस्ट २०२२ आठवतो का? दाभोळची आणि बाणकोटची खाडी ओलांडली की हरिहरेश्वर. तिथे समुद्रात एक बेवारस बोट सापडली, आत ३ एके-४७ रायफली. तासाभरात टीव्हीवर पुन्हा २६/११. मोबाइलवर काय काय फिरले ते मी वाचले आहे, पाठवणाऱ्यांत आपल्यातलेही होते. त्यात एका समाजाची नावे घेऊन जे लिहिले होते ते इथे लिहिता येत नाही. संध्याकाळ व्हायच्या आत खुलासा झाला: बोट एका ऑस्ट्रेलियन बाईंची, मस्कतहून युरोपला निघालेली. इंजिन बिघडले, माणसांना दुसऱ्या जहाजाने वाचवले आणि बोट वाहत इकडे आली. घातपाताचा संबंध आढळला नाही. पोलिसांनी नाकाबंदी केली ती योग्यच होती, रायफली काही खेळण्यातल्या नव्हत्या. पण मोबाइलवरचे ते मजकूर किती जणांनी मागे घेतले?

दुसरी बाजू मला ठाऊक आहे. उशीर हाही अन्याय असतो. २६/११ च्या कटातला आरोपी तहव्वूर राणा एप्रिल २०२५ मध्ये भारतात आणला गेला, म्हणजे १६ वर्षे उलटून गेल्यावर. सूत्रधार म्हणून ज्यांची नावे आपण ऐकत आलो, ते पाकिस्तानात बसले आहेत. ज्यांची माणसे गेली त्यांना "धीर धरा" असे सांगायला जीभ उचलत नाही. सावकाश चालणे आणि झोपी जाणे यांत फरक आहे, आणि आपल्या कोर्टांत पुष्कळदा झोपच असते. याला माझ्यापाशी तयार उत्तर नाही. इतकेच म्हणेन की झोपलेल्याला जागे करायचे असते, त्याच्या हातात बंदूक द्यायची नसते.

लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीला, काही लोक येशूकडे बातमी घेऊन येतात. पिलाताने काही गालीलकरांना यज्ञाच्या वेळीच कापून काढले होते. ही माणसे येशूकडून काय ऐकायला आली असतील? बहुधा पिलाताविरुद्ध एखादा जळजळीत शब्द. नाहीतर मेलेल्यांचेच काही चुकले होते, असा निवाडा. येशू दोन्ही देत नाही. मेलेले इतरांहून अधिक पापी होते असे समजू नका, एवढे स्पष्ट सांगतो, आणि मग बातमी आणणाऱ्यांनाच त्यांच्या स्वतःच्या जिण्याबद्दल विचारतो. मी या उताऱ्यावर अनेकदा प्रवचन केले आहे. पण पिलाताचे नाव काढूनही त्याच्यावर एक शब्द का नाही, हे मला आजवर नीट उमगलेले नाही.

हे छापायला देण्याआधी मी त्या गृहस्थांच्या घरी जाऊन त्यांना वाचून दाखवले. बिर्याणीपाशी त्यांनी मला थांबवले. "खरं सांगताय फादर?" खरे, म्हटले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "असेल. पण भाच्याचं काय?" मांडवी एक्सप्रेस सीएसएमटीहून सुटते, तिथे जागा मिळते. भाचा अजूनही ती ठाण्याला पकडतो. चिपळूणपर्यंत उभ्याने आलो तरी चालेल, म्हणतो.

आपला,
धर्मगुरू