दुसऱ्या बाळाची वाट



उत्पत्तीच्या पुस्तकात तामारच्या बाळंतपणाची हकिगत आहे. वेळ भरली तेव्हा पोटात जुळी असल्याचे दिसले. एका बाळाचा हात बाहेर आला. सुइणीने त्याला लाल दोरा बांधला. पण हात आत गेला आणि आधी जन्मला तो दुसराच, पेरेस! सुईण सावध होती, दोरा हाताशी होता.

आपल्या खानदेशातही, सोनोग्राफी येण्यापूर्वी, जुळे आहे हे कित्येकदा पहिले बाळ जन्मल्यावरच कळे. आजही चोपडा, यावल किंवा शिरपूरकडच्या सातपुड्यातील पाड्यावरून एखादी माता तपासणीविनाच, कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात येऊ शकते. अशा वेळी दुसऱ्या बाळाचे काही बरेवाईट झाले, तर ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ एवढे म्हणून आपण सुटतो का?

संत थॉमस अक्वायनस येथे भेद करतात. जे कळणे शक्यच नव्हते, त्याचा दोष माणसाला लागत नाही. जे कळू शकत होते आणि जाणून घेणे कर्तव्य होते, त्याचा मात्र लागतो.

प्रसूतिगृहातला एक नियम हेच शिकवतो. बाळ जन्मताच, मिनिटभरात, आईला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. त्याने गर्भाशय आकसते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. पण सुई टोचण्याआधी पोटावर हात ठेवून आत दुसरे बाळ नाही ना, हे पाहायचे असते. ते असेल, तर त्या आकसण्याने त्याचा जीव धोक्यात येतो. जुळे शंभर बाळंतपणांत साधारण एखादेच. म्हणजे नव्याण्णव वेळा हाताला काहीच लागणार नाही. तरीही हात प्रत्येक वेळी ठेवायचा. ही मेहनत वाया जात नाही; ज्याची कोणी वाट पाहिली नाही, त्याचेही आपण देणे लागतो.

हे देणे फक्त नर्सबाईंचे नाही. आपल्या घरात, शेजारी, शेतावर मजुरीला येणाऱ्यांत कोणी गरोदर असेल, तर आपण विचारावे: तपासणी झाली का? आशाताईंकडे नाव आहे का? जुळे निघाले, तर जळगावच्या किंवा धुळ्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात वेळेवर कोण नेईल? १०८ क्रमांक घरात सर्वांना पाठ आहे का?

मत्तयने दिलेल्या प्रभू येशूच्या वंशावळीत पेरेसचे नाव आहे. ज्याच्या हाताला दोरा बांधला नव्हता, तोच हा.